पहिला महिना काठी द्यायची नाही

गेल्या दिवाळीला आमच्या मंडळाच्या फराळाला, पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा छत्रीचा किस्सा सांगत होता. हॉल नेहमीचाच, इथे इंग्लंडात बेसिंगस्टोकच्या चर्चमागचा. चकल्याही नेहमीसारख्याच मऊ पडलेल्या.

"आमच्या कंपनीत म्हणे पूर्वी एक काका होते," तो म्हणाला. "नवी छत्री आणली की आधी बाथरूममध्ये शॉवरखाली उघडून बघायचे. बूट घेतले की आठवडाभर घरातल्या गालिच्यावरच फिरायचे. आणि सर्व्हरमध्ये कोण येऊ शकेल, कोण नाही, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आणलं, ते टाकलं ट्रायलवर. मग काय, ट्रायलच चालू! चोर आले, सगळं घेऊन गेले, आणि सॉफ्टवेअर बिचारं लिहीत बसलं, 'ह्याला अडवलं असतं, त्याला अडवलं असतं.'"

सगळे हसले. मीही हसलो. मुलाची काही चूक नाही, त्याच्या जन्माआधीपासून मी ह्या धंद्यात होतो हे त्याला कसं माहीत असणार? कोणीतरी मला विचारलं, "तुम्ही त्याच कंपनीत होतात ना? ओळखायचात का त्यांना?"

"हो, थोडंफार," मी म्हणालो.

घरी येताना गाडीत बायको एकच शब्द बोलली, "थोडंफार?" आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

छत्रीची गोष्ट खरी आहे. बुटांचीही. शेवटची खोटी आहे. ती कुठून निघाली हे सांगू शकेल असा माणूस आता मी एकटाच उरलोय, म्हणून हे लिहितो आहे. मंडळाच्या अंकात ते जसंच्या तसं छापावं.

त्या काकांना मी पहिल्यांदा भेटलो तो फोनवर. आमची कंपनी लहान होती. घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या संस्थांचे सर्व्हर आम्ही सांभाळायचो, आणि तांत्रिक बाजू माझ्याकडे होती. अर्जावर आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लावलेलं. मी आपला मराठीत शिरलो. "अलिबागकडचे का?"

"हो, पण तुम्ही समजताय तसले नाही. आम्ही ज्यू. बेने इस्राएल. आमचे आजे-पणजे तिकडे तेल गाळायचे. मी मुंबईत वाढलो." मग म्हणाले, "नोकरी द्या, नका देऊ, पण फोन लगेच ठेवू नका. इथे माझी बहीण आहे लंडनला, इल्फर्डमध्ये, तिच्या मुलींना मराठी येत नाही. बोलायला माणूसच उरलेलं नाही."

नोकरी मी त्यांच्या मराठीसाठी दिली नाही. आलेल्या सगळ्यांत तेच चांगले होते. पण पुढे वर्षानुवर्षं दुपारचा डबा आम्ही एकत्र खाल्ला तो मराठीसाठीच. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असून ते मला पहिल्या दिवसापासून 'साहेब' म्हणायचे. त्या शब्दात मान किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत नीट वेगळं करता आलं नाही.

पहिल्यांदा त्यांना घरी जेवायला बोलावलं ते रविवारी. गुरुवारी संध्याकाळी बायकोने पडदा सरकवला तर हे फाटकाशी उभे, हातात काही नाही, घड्याळाकडे बघताहेत.

"अहो भाऊजी, जेवण रविवारी आहे!"

"माहीत आहे, वहिनी. मी फक्त येऊन बघतोय."

"मग आता आलाच आहात तर चहा घ्या."

"छे छे. चहा घेतला तर हे येणंच झालं. मग रविवारी मी दुसऱ्यांदा आल्यासारखं होईल."

आणि गेले. बायको हसून हसून खुर्चीत बसली. रविवारी बरोबर वेळेवर आले, आणि अळूची भाजी आधी चमचाभर घेऊन, थोडा वेळ थांबून, मग वाटीभर घेतली. बायकोला राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण ते म्हणाले, "वहिनी, आवडेल की नाही ह्याची शंका नव्हती. थांबता येईल की नाही हे बघत होतो."

लोक एवढंच सांगतात, आणि एवढंच सांगितलं तर ते विनोदी वाटतात. त्यांच्या घराच्या मागच्या दाराची गोष्ट कोणी सांगत नाही.

घर घेतलं तेव्हा मागच्या फाटकाला कुलूप नव्हतं. त्यांनी चांगलं भक्कम कुलूप आणलं, बसवलं, आणि महिनाभर लावलंच नाही. नुसतं लटकत ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, "साहेब, कुलूप लावण्याआधी कळायला नको का, दार कोणाकोणाचं आहे?" त्या महिन्यात त्यांना कळलं की खिडक्या पुसणारा तिथूनच शिडी आणतो, आणि शेजारची म्हातारी इंग्रज बाई कपडे वाळत घालायला रोज त्यांच्या अंगणातून जाते, कारण तिच्या बाजूच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. आधीच्या मालकाच्या काळापासून जात होती. महिना संपला, ठरलेल्या दिवशी कुलूप लागलं, आणि त्याच सकाळी म्हातारीच्या हातात त्यांनी तिची किल्ली ठेवली. तिने त्याबद्दल वर्षभर त्यांच्यासाठी केक केला, आणि वर्षभर तो त्यांनी आधी थोडासाच खाऊन पाहिला.

ठरलेल्या दिवशी. हे मला ठासून सांगायचं आहे. कॅलेंडरवर ते लाल टिकली चिकटवायचे, बायकांच्या कपाळाच्या असतात तसली. इल्फर्डच्या दुकानातून पाकिटं आणायचे. ट्रायल सुरू करायच्या आधी ती संपायच्या दिवशी टिकली लागायची. त्या दिवशी छत्री एकतर दुकानात परत जायची, नाहीतर त्यांच्याबरोबर पावसात. मधलं काही नाही.

"टिकली नाही तर ट्रायल नाही," ते म्हणायचे. "नुसतीच टाळाटाळ."

कामातही तेच. ह्या धंद्यात एक चूक प्रत्येक जण एकदा करतो: दूरच्या सर्व्हरवर कोणाला आत घ्यायचं ह्याचे नवे नियम लावायचे, आणि त्या नियमांत स्वतःचंच नाव विसरायचं. एंटर दाबलं की आपणच बाहेर. ते तरुणपणी ब्रिस्टलच्या एका सर्व्हरमधून असे बाहेर पडले होते आणि नुसतं एक बटण दाबायला ट्रेनने ब्रिस्टलला गेले होते. तेव्हापासून त्यांच्या स्क्रीनवर कायम दोन खिडक्या. एकीत काम करायचं, दुसरीला हात लावायचा नाही. काही बिनसलं तर परत आत जायला ती उघडी. शिवाय नियम लावण्याआधी अशी सोय करायची, की थोड्या मिनिटांत ते आपोआप गळून पडतील. मग तिसरीकडून, अगदी परक्या माणसासारखं, दार वाजवून बघायचं. उघडलं, की मगच नियम कायमचे करायचे आणि दुसरी खिडकी मिटायची. शेजारी स्वयंपाकघरातला टायमर टिकटिकत असायचा. आम्ही त्यांना म्हणायचो, कुकर लावलाय का? ते म्हणायचे, "हो, तीन शिट्ट्या झाल्या की नियम उतरले."

माणसं त्यांना किल्ल्या द्यायची. सुट्टीला जाणारे शेजारी, ऑफिसातली पोरं, आम्ही. त्यांच्या स्वयंपाकघरात एक फळी होती, तिला आकडे, आणि प्रत्येक आकड्याला कोणाची ना कोणाची किल्ली. फळीकडे बघून एकदा मी म्हणालो, "तुम्ही तर अख्खी गल्ली टांगून ठेवली आहे."

"साहेब, माणसाने मला बाकी काही देऊ नये. किल्ली द्यावी," ते म्हणाले. हसत म्हणाले, पण त्या वाक्यात ते पूर्ण होते. बायको नव्हती, मुलं नव्हती. त्यांच्याजवळ जे होतं ते एवढंच होतं, की लोक त्यांच्यावर दार सोपवायचे.

ते सॉफ्टवेअर आलं एका वर्षी वसंतात. आमच्या सर्व्हरवर म्हाताऱ्या माणसांची नावं, पत्ते, औषधं असायची, आणि त्यांच्या की-सेफचे आकडे. इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, पण हे भारतातही कोणी वाचेल: की-सेफ म्हणजे घराबाहेर भिंतीवर बसवलेली लहानशी लोखंडी पेटी. आत घराची किल्ली. आकडे जुळवले की झाकण उघडतं आणि मदतीला येणारी केअरर दार उघडून आत जाते, म्हाताऱ्याला अंथरुणातून उठावं लागत नाही. म्हणजे आमच्या सर्व्हरवर शेकडो घरांची दारं होती.

सॉफ्टवेअर दोन प्रकारे चालवता येत होतं. एका प्रकारात ते नियमाबाहेरच्या माणसाला अडवायचं. दुसऱ्या प्रकारात अडवायचं नाही, नुसतं लिहून ठेवायचं, की अडवलं असतं. आमच्या कंपनीच्या डायरेक्टर बाईंनी विचारलं, अडवतच नसेल तर कशाला? तेव्हा त्यांनी जे इंग्रजीत सांगितलं ते मला नंतर डबा खाताना मराठीत सांगितलं, आणि मराठीतच ते जास्त बरोबर होतं.

"बिल्डिंगला नवा वॉचमन ठेवला, की पहिला महिना त्याच्या हातात काठी द्यायची नाही. वही द्यायची. लिही बाबा, कोण आलं, कोण गेलं. पहिल्याच दिवशी काठी दिलीत तर तो दूधवाल्याला हाकलेल आणि डॉक्टरला गेटवर उभा करेल. महिन्याने वही वाचायची. मग काठी."

"आणि महिन्याने नाही दिली काठी तर?"

"तर तो वॉचमन नाही, कारकून."

कॅलेंडरवर टिकली लागली. महिनाभर वॉचमनने वही लिहिली. ते रोज वाचायचे आणि एकेक गाठ सोडवायचे: कोणाचं नाव राहून गेलंय, हिशेबाचा कोणता प्रोग्राम महिनाअखेरीस एकदाच आत येतो. टिकलीच्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी आले.

"सगळं स्वच्छ झालं, साहेब. आता एकच नाव अडतंय."

"कोणाचं?"

"तुमचं."

कंपनी सुरू झाली तेव्हा मी एक खातं बनवलं होतं. कोणा एकाच्या नावाचं नाही, कंपनीचं. एकच पासवर्ड, आणि त्याने कुठूनही, कुठलाही सर्व्हर उघडायचा. सुरुवातीला ते सगळे वापरायचे. पुढे सगळ्यांनी सोडलं, मी सोडलं नाही. रविवारी सकाळी बायको देवळात गेली की मी चहा घेऊन घरच्या कॉम्प्युटरवर बसायचो आणि सगळ्या सर्व्हरांतून फेरफटका मारायचो. काही बिघडलेलं दिसलं की सोमवारी ऑफिसात सहज म्हणायचो, "ते जरा बघा बरं का, मला काहीतरी गडबड वाटते." पोरं चकित व्हायची. साहेबांना न बघता कळतं, अशी माझी ख्याती होती. ती ख्याती म्हणजे ते खातं होतं.

"तुम्हाला तुमच्या नावाचं वेगळं करून देतो," ते म्हणाले. "ऑफिसातून सगळं दिसेल. फक्त ते जुनं बंद होईल."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "पण पंधरा दिवस थांबा."

त्यांनी टिकली काढून पुढच्या पानावर लावली. पंधरा दिवसांनी मी म्हणालो, सुट्ट्यांचे दिवस आहेत, सप्टेंबरमध्ये बघू. सप्टेंबरमध्ये आणखी काही. दर सोमवारी ते यायचे, काही न बोलता माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवायचे. मी हात जोडायचो. ते हसायचे. मग एका सोमवारी हसले नाहीत.

"साहेब, ही एकच ट्रायल माझ्या आयुष्यात लांबली आहे."

"तुम्ही फार घाई करता."

"मी?" ते म्हणाले. "मी घाई करतो?" आणि तेव्हा मात्र दोघेही हसलो.

माझ्या परवानगीशिवाय ते चालू करता येत नव्हतं. डायरेक्टर बाईंकडे ते जाऊ शकले असते. मी एकदा गमतीत म्हटलंही, जा ना वर. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तुमच्या डोक्यावरून कसा जाऊ? तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे."

डायरेक्टर बाईंनी तोवर सगळ्या संस्थांना कळवून टाकलं होतं, की सॉफ्टवेअर बसवलं आहे. ते खोटं नव्हतं. बसवलं होतंच.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी ते आले, खुर्चीवर बसले. एरवी कधी बसायचे नाहीत.

"शनिवारी तुम्ही घरून आत आला होतात?"

"नाही. आम्ही मुलीकडे होतो."

"मग तुमच्या नावाने दुसरं कोणी आलं होतं."

तो पासवर्ड मी आणखी कुठेतरी, कुठल्यातरी दुकानाच्या वेबसाइटवर वापरला होता. तिथून तो फुटला असणार. परक्या देशातून कोणीतरी शनिवारभर आमच्या सर्व्हरांतून फिरलं होतं, मी फिरायचो तसंच. आणि प्रत्येक पावलाला वॉचमनने लिहून ठेवलं होतं: अडवलं असतं. अडवलं असतं. अडवलं असतं.

डायरेक्टर बाईंनी मला बोलावलं. खातं कंपनीच्या नावाचं, त्यामुळे त्यामागे मी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. दार लावलं. ते संभाषण मी इतक्या वेळा मनात घोळवलं आहे, की ते इंग्रजीत झालं होतं हे आठवावं लागतं.

"वसंतात बसवलेलं सॉफ्टवेअर अडवत का नव्हतं?"

"ते ट्रायलवर होतं."

"ट्रायलची कल्पना कोणाची?"

"त्यांची."

"एवढे महिने? ते नेहमीच एवढा वेळ लावतात का?"

आणि मी म्हणालो, "त्यांना गोष्टी सावकाश वापरून बघायला आवडतं."

बाईंना छत्री माहीत होती. ऑफिसात सगळ्यांनाच माहीत होती. त्या थकल्यासारख्या हसल्या, "हो, ते खरंच," म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत गोष्ट पूर्ण झाली. मी एकही खोटं वाक्य बोललो नाही. अनेक वर्षं मी स्वतःला हे ऐकवत आलो. तीन प्रश्न, तीन खरी उत्तरं. ट्रायल लांबवली कोणी, हा चौथा प्रश्न बाईंनी विचारला नाही, कारण छत्रीवाल्या माणसाच्या विक्षिप्तपणाने त्याचं उत्तर आधीच दिलं होतं. आम्ही ज्याला हसत होतो तेच मी त्यांच्या विरुद्ध वापरलं, आणि मला त्यासाठी आवाजही चढवावा लागला नाही.

त्यांना बोलावलं तेव्हा मी त्या खोलीत होतो. बाईंनी सभ्यपणे सगळं सांगितलं आणि विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. स्वयंपाकघरातल्या त्या टायमरकडे बघायचे तसं, वेळ संपायची वाट बघत. मी माझ्या पेनाकडे बघत होतो.

"ट्रायल मीच सुचवली होती," ते म्हणाले. बस.

त्यांची नोकरी गेली. शेवटचा महिना त्यांनी घरी बसून काढावा, असं बाईंनी सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. की-सेफचे आकडे बदलायला माणसं लागत होती, त्यांत स्वतःचं नाव दिलं. कुठल्याच घरात कोणी शिरलं नव्हतं, हे पुढे कळलं. पण तेव्हा कोणालाच खात्री नव्हती, आणि म्हातारी माणसं घाबरून रात्र रात्र जागत होती. एक दिवस गाडी चालवायला मी गेलो. मला जायचं नव्हतं, पण न जाणं जास्त दिसलं असतं.

गावाबाहेरच्या एका वस्तीत ब्याण्णव वर्षांची एक बाई होती. ह्यांनी पेटीचं झाकण उघडं ठेवूनच नवे आकडे लावले, उघड्या झाकणानेच खटका खालीवर करून बघितला. मग झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आणि मग त्या बाईलाच दाराबाहेर आणून म्हणाले, "आता तुम्ही उघडा."

"मी कशाला? मी तर आत असते."

"तुमचं दार आहे. तुम्हाला उघडता यायला हवं."

तिने एकेक करून आकडे जुळवले. झाकण उघडल्यावर ती लहान मुलीसारखी हसली आणि तिने विचारलं, "ज्या मूर्ख माणसाने हा घोळ घातला, त्याला काढलं का नोकरीवरून?"

"हो," ते म्हणाले. "काढलं."

मी गाडीजवळ उभा होतो. सगळं ऐकू येत होतं.

आम्ही परत निघालो. मग तेच म्हणाले, "साहेब, झाकण उघडं असतानाच बघून घ्यावं. एकदा लागलं, की आतलं काही बाहेर काढता येत नाही." मी म्हणालो, "हो ना." मला वाटलं ते पेट्यांबद्दल बोलताहेत. नाही, तेही खोटं. मला तेव्हाच कळलं होतं.

दुसरीकडे त्यांना काम मिळालं नाही. जिथे गेले तिथे ती गोष्ट आधी पोचलेली. घर विकून ते बहिणीकडे इल्फर्डला राहायला गेले. जाण्याआधी फळीवरची एकेक किल्ली काढून, घरोघर जाऊन, परत केली. कोणी मागितली नव्हती. शेजारची म्हातारी रडली म्हणे. आमच्याकडे सगळ्यात शेवटी आले. मी घरात होतो, खाली आलो नाही. वरून ऐकलं.

"वहिनी, ही घ्या. लागते का बघून घेतो एकदा."

"अहो भाऊजी, ठेवा ना तुमच्याकडेच. इल्फर्ड काय लांब आहे?"

"नको. आता मी किल्ल्या ठेवत नाही."

दार उघडं ठेवून त्यांनी किल्ली कुलपात फिरवली. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग पावलं फाटकापर्यंत गेली.

पुढे दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा. ते स्वतः दिवाळी करत नसत, फोन आमच्यासाठी करायचे. आधी बायकोशी बोलायचे, चकल्या कशा झाल्या, मुलगी कशी आहे. मग मला द्यायला सांगायचे. आमचं बोलणं लहान असायचं. तब्येत, हवा. आणि शेवटी नेहमी एकच प्रश्न.

"मग साहेब, काही नवीन?"

"नाही हो. काही नवीन नाही."

"बरं," म्हणायचे. थोडं थांबायचे. "ठेवू?"

असं किती वर्षं झालं ते मी मोजलेलं नाही. डायरेक्टर बाई तोवर निवृत्त झाल्या, मीही झालो. एक पत्र लिहिलं असतं तरी माझं काही जाणार नव्हतं. तरी मी "काही नवीन नाही" म्हणत राहिलो. मग एका दिवाळीला फोन आला नाही. बायको म्हणाली, बरं नसेल, तुम्ही करा. मी म्हणालो, करतो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या वर्षीही आला नाही. त्यानंतरच्या वर्षी ते गेल्याचं कळलं, तेही उशिरा. त्यांच्यात लगेच पुरतात. आम्ही कार्ड पाठवलं.

मंडळात हसून आलो त्यानंतरच्या आठवड्यात मी इल्फर्डला गेलो. कंबरेच्या ऑपरेशननंतर एवढा लांबचा हा पहिलाच प्रवास. त्यांची बहीण आता खूप म्हातारी आहे, पण मराठी अजून तशीच, कोकणातली. दार उघडून म्हणाली, "तुम्ही दादाचे साहेब ना? या. चहा ठेवते."

स्वयंपाकघरात ती फळी होती. आकड्यांना आता कपबशा पुसायची फडकी टांगलेली.

मी तिला सगळं सांगितलं. खातं, रविवारच्या सकाळी, तीन प्रश्न, पेनाकडे बघत बसणं. ती ऐकत राहिली. चहावर साय धरली.

"तुमचं त्यात काहीतरी आहे एवढं मला माहीत होतं," शेवटी ती म्हणाली.

"त्यांनी सांगितलं होतं?"

"दादाने? दादाने कधी कोणाचं सांगितलं नाही. पण दिवाळीला तुम्हाला फोन केला, की ठेवल्यावर तिथेच बसून राहायचा. मी विचारायची, काय म्हणाले रे? म्हणायचा, काही नवीन नाही म्हणाले. दर वर्षी तेच. मी म्हणायची, मग कशाला करतोस? तर म्हणायचा, करून बघतो."

"मग आजारी पडल्यावर बंद झाला असेल."

ती माझ्याकडे नवल वाटल्यासारखी बघत राहिली.

"आजारी कुठे होता? ज्या वर्षी थांबवला ना, त्या वर्षी तर ठणठणीत होता. रोज बागेत फिरून यायचा. मीच आठवण केली, 'अरे दादा, आज त्यांची दिवाळी, फोन नाही करायचास?' पेपर वाचत होता. मान वर नाही केली. म्हणाला, 'नको. आता बघून झालं.'"

मी चहा प्यायलो. थंड होता. तिने विचारलं, गरम करून देऊ का, मी नको म्हणालो.

आता आमच्या दाराशीही की-सेफ आहे. सकाळी केअरर येते, आकडे जुळवते, मला बूट घालायला मदत करते. झाकण लागल्याचा आवाज अंथरुणात ऐकू येतो. माझ्या नावाचीही टिकली त्यांनी एका दिवाळीवर लावली होती, हे मला तेव्हा कळलं नाही. मी समजत होतो, फोन येतच राहील. मी तरी असं समजायला नको होतं. त्यांच्या प्रत्येक ट्रायलला शेवटचा दिवस असायचा, हे माझ्याइतकं कोणी पाहिलं नव्हतं.